सूनबाईंचा पाचवा सेल

प्रयोगशाळेतल्या उन्हाळी इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी माझी सून तिथे पोचली, तेव्हा दारात घोळका करून उभ्या असलेल्या पोरांनी तिला अदबीनं विचारलं, "काकू, कुणाला सोडायला आलात?"

"मलाच," ती म्हणाली आणि आत गेली.

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा मी तिला ते पुन्हा म्हणून दाखवायला लावलं. एका शब्दाचं उत्तर! आमच्या काळी असल्या उत्तराला हमखास टाळी पडायची. "म्हणताना जरा थांबली होतीस का? सगळ्यांकडे बघून?" मी विचारलं.

"नाही हो आई. घाबरले होते. दुसरं काही सुचलंच नाही."

मी आयुष्यभर रंगमंचावर खाष्ट सासवा केल्या. इतक्या, की बाजारातली भाजीवाली मला न सांगता ताजी जुडी काढून द्यायची. त्यामुळे माझी सून पस्तिशी ओलांडल्यावर पुन्हा कॉलेजात नाव घालतेय म्हटल्यावर आळीतल्या लोकांनी कान टवकारले, की आता या घरात खरं नाटक रंगणार. त्यांची साफ निराशा झाली. खरी सासू व्हायला जी ऊर्जा लागते ती मी केव्हाच तिकीट लावून विकून टाकली होती.

ही मुलगी लग्नाआधी रसायनशास्त्र शिकली. मग लग्न, मग माझी नात, मग आमच्या बाहेरच्या खोलीत शिकवण्या. दहा वर्षं त्या खोलीतून पोरांचा मूलद्रव्यांचा घोष ऐकून ऐकून मलाही पहिली वीस पाठ झाली होती. एकदा एका विद्यार्थिनीनं तिला विचारलं, "बाई, मोबाइलची बॅटरी म्हातारी का होते?" सुनेनं पुस्तकातलं उत्तर दिलं. पोरगी समाधानानं घरी गेली, पण शिकवणारीचं समाधान झालं नाही. रात्रीच्या जेवणाला ती घास हातात धरून बसली होती.

"काय गं, मीठ जास्त पडलंय?" माझ्या लेकानं विचारलं.

"मी आज तिला जे सांगितलं ना, ते मला स्वतःला कळलेलं नाही," ती म्हणाली. "शब्द माहीत आहेत नुसते."

तो एक घास तिला एम.एस्सी.पर्यंत घेऊन गेला, आणि तिथून या इंटर्नशिपपर्यंत. देशभरातून निवडलेली पोरं, आणि त्यांच्यात ही. इंटर्नशिप उन्हाळाभराची होती, पण शेवटी सगळ्यांनी आपलं काम समितीपुढे मांडायचं आणि त्यातल्या एकाला त्याच प्रयोगशाळेत पीएच.डी.ची जागा मिळायची. एकच जागा. बाकीच्या पोरांना पुढचं वर्ष होतं, त्याच्या पुढचंही होतं. सुनेला नव्हतं, शिष्यवृत्तीला वयाची अट होती आणि ती याच वर्षी संपत होती. "जमलं तर जमलं," ती म्हणायची, "नाहीतर बाहेरची खोली आहेच." ती हे इतक्या सहज म्हणायची की मला लगेच कळलं, सहज म्हणायचा सराव तिनं केलेला आहे.

तिथे पोरं तिला काकू म्हणेनात, ताई म्हणेनात. वहिनी म्हणू लागली. का कोण जाणे. तिच्यावर देखरेख करायला एक संशोधक मुलगा होता, तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्याला सगळे पेटीवाला म्हणत. मला वाटलं, वा, संगीताचं अंग आहे मुलाला. मी सुनेला विचारलंसुद्धा, कोणत्या पट्टीत वाजवतो?

"आई, ती पेटी नव्हे," ती हसत सुटली. "काचेची पेटी. खोलीएवढी नाही, पण कपाटाएवढी आहे. आत हवेचा टिपूस नाही. एक अगदी निवांत वायू भरलेला असतो, जो कुणाच्या अध्यात ना मध्यात. काचेला दोन भोकं, त्याला खांद्यापर्यंतचे रबरी हातमोजे. आपण बाहेर उभं राहायचं, हात आत घालायचे."

"मरो ते. हवेचं काय वाईट?"

"सोडियमला हवा सोसत नाही. काळवंडतो. आणि पाणी दिसलं की पेटतो."

"म्हणजे आमच्या कंपनीतल्या नायिकेसारखा," मी म्हणाले.

तिचं काम होतं चहाच्या चोथ्यावर. हो, गाळून उरतो तो चोथा. तो धुवायचा, वाळवायचा, हवाबंद भट्टीत भाजून त्याचा कोळसा करायचा, आणि त्या कोळशाची बॅटरी होते का बघायचं. मोबाइलच्या बॅटरीत जो महाग माल लागतो तो जगात मोजक्या ठिकाणी सापडतो, सोडियम मात्र मिठातही असतो. मग स्वस्त सोडियम आणि फुकटचा कोळसा यांचं लग्न लावता आलं तर बरं, असा एकूण बेत. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात चहाला कधी नव्हे तो मान आला. नात शाळेतून आल्या आल्या ओरडायची, "आजी, चोथा फेकला नाहीस ना?" लेक चहा पिता पिता म्हणायचा, "मी दोन कप जास्त पितो, विज्ञानासाठी."

हा माझा लेक लिफ्ट दुरुस्त करतो. बटण दाबलं की वर, बटण दाबलं की खाली, एवढं झालं की त्याचं शास्त्र संपलं. बायकोनं मात्र त्याला जेवणाच्या टेबलावर बसवून सेल कसा बनतो ते वाट्या आणि झाकणं मांडून दाखवलं. मीही तिथेच होते. सेल केवढा, तर घड्याळात घालतात त्या नाण्याएवढा. खाली छोटी वाटी. तिच्यात चोथ्याच्या कोळशाचा लेप दिलेली चकती. तिच्यावर कागदासारखा पातळ पडदा. त्यावर द्रावणाचे थेंब. मग सोडियमची चकती. मग एक पोलादी चकती, नुसती टेकू म्हणून. मग स्प्रिंग, मग झाकण, आणि मग यंत्रात घालून दाबून गच्च बंद.

"पडदा कशाला?" मी विचारलं. पडदा म्हटल्यावर मी विचारणारच.

"दोन्ही बाजू एकमेकींना भिडू नयेत म्हणून. पण पडद्यातून कण मात्र जातात-येतात. बॅटरी भरली की इकडून तिकडे, वापरली की तिकडून इकडे."

"आमचा पडदा पडला की खेळ संपतो. तुमचा खेळ पडद्यातूनच चालतो की."

"बरोबर," ती म्हणाली, आणि तिला माझं हे म्हणणं इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी तिनं ते पेटीवाल्याला सांगितलं. तोपर्यंत तो मला ओळखत नव्हता.

पहिल्या घाण्याचे तिनं पाच सेल केले. एकाच भट्टीतला कोळसा, एकाच फॉइलवरचा लेप. सेल यंत्राला जोडून ठेवायचे. यंत्र ते भरतं, रिकामे करतं, पुन्हा भरतं, आणि संगणकाच्या पडद्यावर ठिपक्यांची रेघ काढत जातं. रेघ सपाट राहिली तर सेल दमदार. रेघ उतरू लागली तर म्हातारा झाला. एक सेल जन्मतःच गेला. तीन सेलांची रेघ घसरगुंडीवरून घसरल्यासारखी खाली आली. आणि पाचवा?

पाचवा सपाट. टेबलावर पट्टी ठेवावी तसा.

प्रयोगशाळेच्या मॅडम फार कमी बोलणाऱ्या. कप हातात घेऊन फिरायच्या आणि त्या कपात चहा आहे की नाही हे कुणी कधी पाहिलं नव्हतं. त्या पडद्यापाशी येऊन उभ्या राहिल्या, रेघेकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "छान." पोरं सांगत की हा शब्द त्यांनी त्या वर्षी पहिल्यांदाच वापरला. पाचव्या सेलाची रेघ छापून दारावर लागली. बाकीचे इंटर्न येता-जाता तिला हात लावून नमस्कार करू लागले, चेष्टेनं. बुलेट नावाची एक मुलगी होती, बोलायची तशी म्हणून. ती सौरपट्ट्यांवरच्या लेपावर काम करत होती. ती म्हणाली, "वहिनी, जागा तुमची. आम्ही आपले पेढे खायला येऊ."

सून घरी आली ती तरंगतच. मी तिला खुर्चीत बसवली आणि म्हटलं, सांग सगळं, पहिल्यापासून. तिनं सांगितलं. आणि सांगता सांगता तिच्या कपाळावर ती घासाच्या दिवसाची आठी आली.

"काय झालं?"

"एकच कसा, आई? पाचही एका कढईतले. मग चारांना जे जमलं नाही ते एकाला कसं जमलं?"

"अगं, पाच बोटं सारखी नसतात."

"बोटं नसतात. सेल असायला हवेत."

ती पुन्हा कामाला लागली. लेप थोडा जाड असेल म्हणून जाड लेपाचे सेल केले, घसरले. द्रावणाचे थेंब जास्त पडले असतील म्हणून जास्त थेंब घातले, घसरले. फॉइलच्या कडेचा तुकडा असेल म्हणून कडेचे तुकडे कापले, तेही घसरले. तिकडे पाचवा आपला सपाट चाललाय. रोज सकाळी ती घरून निघताना मी विचारायची, "चाललाय का गं?" "चाललाय," ती म्हणायची, आणि हे म्हणताना दिवसेंदिवस तिचा चेहरा पडत गेला. चांगली बातमी अशी आंबलेल्या तोंडानं सांगणारी बाई मी पाहिली नव्हती.

शेवटी एक दिवस जेवताना ती म्हणाली, "बाहेरून करण्यासारखं सगळं करून झालं. आता उघडून बघायला हवा."

"उघडून परत बंद करता येतो?" लेकानं विचारलं.

"नाही. उघडला की संपला."

लेकानं ताट बाजूला सरकवलं. "हे बघ, आमच्यात एक नियम आहे. चालत्या लिफ्टला हात लावायचा नाही. समितीपुढे आठ-दहा दिवसांत उभं राहायचंय ना? मांड तो आलेख. जागा मिळव. मग पुढे चार वर्षं बसून उघड हवे तेवढे."

मी लेकाच्या बाजूनं होते, हे कबूल करते. "टाळ्या चालू असताना पडदा पाडायचा नसतो, सूनबाई."

"मॅडम काय म्हणाल्या?" लेकानं विचारलं.

"तिथे ज्यानं सेल केला त्यालाच तो उघडायचा हक्क. मॅडमसुद्धा विचारल्याशिवाय हात लावत नाहीत. म्हणाल्या, तुझा सेल आहे, तू ठरव."

"मग ठरव ना, नाही म्हणून."

नातीनं आईच्या ताटातला घास उचलून आईच्या तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास तिचा फोन. "आई, माझा जवळचा चष्मा घरी राहिलाय. टीव्हीपाशी बघा. कुणाबरोबर पाठवता येईल?"

कुणाबरोबर कशाला? मी स्वतः निघाले. ज्या कपाटाला दोन हात फुटलेले आहेत ते बघायची संधी मी सोडणार होते थोडीच!

प्रयोगशाळा म्हणजे मला वाटलं होतं धूर, रंगीत बाटल्या, उकळणारं काहीतरी. निघाली एखाद्या बँकेसारखी; थंड, गुणगुणणारी, पायात प्लास्टिकच्या टोप्या घालून चालायची. त्या टोप्यांवर मी दोनदा घसरले. पेटीवाला धावत आला. लांबच लांब हातांचा, केस डोळ्यांवर, चेहरा परीक्षेला चाललेल्यासारखा.

"तुम्ही म्हणजे पडद्यावाल्या आई," तो म्हणाला.

"आणि तू पेटीवाला. वाजवत मात्र नाहीस."

"सुरात नाही वाजत हो ही. पंप खराब आहे." मग तो हळूच म्हणाला, "त्यांना सांगा ना तुम्ही. माझं ऐकत नाहीत. मी चार वर्षं इथे आहे. अशी रेघ माझ्या नशिबात एक-दोनदाच आली. मी असतो तर त्या सेलाला पाळण्यात घातलं असतं."

सून पेटीपुढे उभी होती. मी चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला, कारण तिचे दोन्ही हात आत गेलेले होते. काचेपलीकडे ते काळे, फुगलेले हात तिचे वाटतच नव्हते. जणू दुसरीच कुणी बाई आतल्या बाजूनं हात पुढे करून उभी आहे. एका हातात पकड. दुसऱ्या हातात चिमटा, आणि चिमट्यात ते नाणं. पाचवा सेल.

"यंत्रावरून काढलास?" मी विचारलं.

"आत्ताच."

म्हणजे निर्णय झालेला होता. रेघ थांबली होती. आता मी काय सांगणार? नाटकात अशा वेळी प्रवेश घेऊन 'थांबा!' म्हणणारं पात्र असतं, पण ते वेळेवर येतं. मी चष्मा घेऊन उशिरा आले होते. आणि खरं सांगू, मी त्या काचेला नाक लावून उभी राहिले तेव्हा मला थांबवावंसंही वाटेना. आत काय आहे ते मलाही बघायचं होतं.

तिनं पकडीनं कडा उचकटली. थोडी, फिरवून थोडी, पुन्हा फिरवून. त्या जाड मोज्यांतून सगळं कसं हळू हळू, पाण्याखाली चालल्यासारखं. झाकण निघालं. स्प्रिंग निघाली. मग पोलादी चकती. तिनं ती चिमट्यानं उचलून बाजूला ठेवली. मग तिचा हात थांबला. खाली सोडियम दिसायला हवा होता, मऊ, निस्तेज. पण खाली पुन्हा पोलाद चमकत होतं.

"सर," ती म्हणाली. घाबरली की ती त्याला सर म्हणायची. "इथे अजून एक चकती आहे."

पेटीवाला शेजारी आला. दोघांचे गाल काचेला टेकले.

"दोन?" तो म्हणाला.

"दोन. धुताना एकीला एक चिकटल्या असणार. मोज्यातून कळतं कुठे, एक उचलली की दोन."

मला काही उमगेना. "मग काय झालं त्यानं? एक टेकू जास्त लागला, एवढंच ना?"

"तेवढंच, आई," ती काचेकडे बघतच म्हणाली. "आत एक चकती जास्त, म्हणजे स्प्रिंग जास्त दबली. सगळे थर एकमेकांना घट्ट धरून बसले. म्हणून टिकला. माझ्या कोळशात काही विशेष नव्हतं."

पंप आपल्या बेसूर आवाजात गुणगुणत होता. आणि मग पेटीवाल्यानं मान वळवली. कोपऱ्यात एक काटा होता, काचेच्या घरात ठेवलेला. इतका नाजूक, की शेजारी श्वास टाकला तरी आकडा हलतो. सून त्याच काट्यावर रोज आपला कोळसा मोजायची.

"वहिनी," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "आपण नुसतं वजन केलं असतं तर?"

सुनेनं काट्याकडे पाहिलं. बंद सेल काट्यावर ठेवला असता, तर तो बाकीच्यांपेक्षा एका चकतीनं जड भरला असता. उघडायची गरजच नव्हती. सेल अजूनही चालू असता, आणि कारणही कळलं असतं. दोन शहाणी माणसं, कोपऱ्यात काटा, आणि दोघांच्याही डोक्यात आलं नाही!

ती मोज्यांतून हात काढायलाही विसरली. तशीच उभी राहून हसायला लागली. आधी खांदे हलले, मग पूर्ण. पेटीवालाही हसत सुटला. मी त्यांच्याकडे बघून हसले. कशाला हसतोय हे मला अर्धंच कळलं होतं, पण हसण्याला पूर्ण कळावं लागत नाही. बुलेट आवाज ऐकून धावत आली, "काय झालं, काय झालं, कुणाला काय झालं?" आणि मग सुनेच्या चष्म्याच्या काचा ओल्या झालेल्या मला दिसल्या, आणि त्या हसून झाल्या की कशानं, हे मी विचारलं नाही.

"आता?" पेटीवाल्यानं विचारलं.

"आता मुद्दाम दोन चकत्या घालून सेल करायचे," ती म्हणाली. "आज दुपारीच. आणि प्रत्येकाचं वजन करायचं. चुकून झालं ते एकदा झालं. मुद्दाम केल्यावर होतं का ते कळायला नको?"

मी घरी परतले. पेटीवाल्यानं त्या आठवड्यात आपल्या जुन्या, नाव कमावलेल्या सेलांचा डबाही काढून एकेक सेल काट्यावर घातला, एकट्यानंच, सगळ्यांच्या आधी येऊन. त्यात एक बाकीच्यांपेक्षा जड निघाला, म्हणजे त्यातही चकती जास्तीची. त्यानं तो सरळ मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि दारावरची पाचव्या सेलाची छापील रेघही काढून टाकली. हे मला सुनेनं सांगितलं, आणि सांगताना ती आपल्याबद्दल बोलते त्यापेक्षा जास्त अभिमानानं बोलली.

समितीचा दिवस आला. घरच्यांना मागच्या रांगेत बसायची मुभा होती. आदल्या संध्याकाळी मी तिला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. तोंड लोकांकडे, आणि वाक्य संपल्यावर खाली बघायचं नाही. तिनं दोन्ही विसरून भिंतीवरच्या चित्राशीच भाषण केलं. हातांचं काय करावं ते कळेना म्हणून हात खिशात घातले. लेक माझ्या कानात म्हणाला, "आई, तिला सांग ना." मी म्हटलं, "आता तिचा प्रवेश आहे. गप्प बस."

पण तिनं सांगितलं ते असं सांगितलं: आधी ती सपाट रेघ. मग त्या रेघेखाली दोन चकत्यांचं छायाचित्र. आणि म्हणाली, "हा गुण माझ्या कोळशाचा नाही. जास्तीच्या चकतीचा आहे."

समितीत बाहेरचे एक गृहस्थ होते, यंत्र विभागाचे प्रमुख. पोरं त्यांना पाठीमागे पाना म्हणत, कारण ते बोलता बोलता माणूस आवळत जायचे. त्यांनी चष्मा खाली सरकवला.

"बाई, मग तुमच्याकडे उरलं काय?"

मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. सून पहिल्यांदा भिंतीकडून वळली आणि त्यांच्याकडे पाहू लागली.

"प्रश्न उरला, सर. मी मुद्दाम दोन चकत्या घालून तीन सेल केले. थोडे दिवस झालेत, पण तिघांपैकी दोन टिकून आहेत. म्हणजे कोळसा वाईट नव्हता. आपण त्याला किती दाबून धरतो, ते कुणी पाहतच नव्हतं. मीही नव्हते पाहत. किती दाब लागतो, कुठे कमी पडतो, कुठे जास्त होतो, हे मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचंय."

"तिसरा का गेला?"

"ते माहीत नाही."

"अंदाज?"

"अंदाज सांगितला तर तुम्ही लगेच आवळाल," ती म्हणाली. चक्क म्हणाली! पोरं फिसकली. पानासाहेबांच्या ओठाचा एक कोपरा हलला आणि त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं.

संध्याकाळी निकाल लागला. जागा बुलेटला मिळाली. तिचं काम पक्कं होतं, पुन्हा पुन्हा जमलेलं होतं, आणि तिनं ते न घसरता मांडलं होतं. सुनेनंच सगळ्यांत आधी जाऊन तिला मिठी मारली. बुलेट रडायला लागली, म्हणाली, "वहिनी, तुम्ही तो सेल उघडला नसता तर..."

"मग आत्ता तुला मिठी मारताना मला लाज वाटली असती," सून म्हणाली.

आम्ही बाहेर आलो. लेक गाडी काढायला गेला. सून पायरीवर बसली आणि तिनं पायांतल्या प्लास्टिकच्या टोप्या काढून घडी घातल्या. त्या घडी घालण्यासारख्या नव्हत्या तरी. मी शेजारी बसले. मी तिचा हात धरला.

"बाहेरच्या खोलीला रंग द्यायला झालाय," ती म्हणाली.

"होय गं. देऊ."

मागून पावलं वाजली. पानासाहेब. ते आमच्या मागे उभे राहिले आणि मोठ्यानं घसा खाकरला, मंचावर यायच्या आधी हौशी नट खाकरतात तसा.

"बाई, मला बॅटरीतलं काही कळत नाही," ते सुनेला म्हणाले. "दाबातलं कळतं. आमच्याकडे दाब मोजायची यंत्रं आहेत, आणि ती लोखंडी खांबांवर लावायची सोडून आम्ही त्यांचं दुसरं काही केलेलं नाही. माझ्याकडे पीएच.डी.ची एक जागा पडून आहे. पण तुम्हाला यंत्रांचं काही येत नाही, ते मला तुमच्या चित्रावरूनच कळलं. पहिल्या वर्षाच्या पोरांबरोबर वर्गात बसावं लागेल. चालेल का, ते कळवा." आणि उत्तराची वाट न बघता ते गेलेसुद्धा.

त्या संध्याकाळी ती हो म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हे तिचं शास्त्र नव्हतं. तिनं शिकवलेल्या पोरांपेक्षा लहान पोरांच्या बाकावर बसायचं, गणित पुन्हा काढायचं, आणि जी जागा तिला हवी होती ती ही नव्हतीच. रात्री जेवताना लेकानं विचारलं, "काय करतेयस मग?" ती म्हणाली, "बघते." सकाळी मी विचारलं, ती म्हणाली, "बघते." असं चाललं.

मग एक दिवस दुपारी मी स्वयंपाकघरात गेले तर ती ओट्याशी उभी. समोर दोन ताटल्यांमध्ये ओला कपडा घालून वरून वह्यांचा गठ्ठा ठेवलेला, आणि ती ताटल्यांच्या कडेनं गळणारं पाणी बघतेय. एक वही ठेवली, थोडं पाणी. दुसरी ठेवली, आणखी. तिसरी ठेवली आणि कपडा एका बाजूनं बाहेर सरकला.

"हे काय चालवलंयस?"

"तिसरा सेल का गेला असेल, ते बघतेय," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता. "आई, सगळीकडे सारखा दाब पडतो असं आपण धरून चालतो. पण पडतो का?"

"ते मला काय विचारतेस? पानाला विचार."

ती थबकली. वह्यांचा गठ्ठा तसाच ठेवून, ओले हात पुसत फोन शोधायला बाहेरच्या खोलीत गेली. मी ओट्याशी उभी राहिले. मग कुणी बघत नाही असं पाहून चौथी वही वर ठेवली, आणि कपडा कुठून सरकतो ते वाकून बघू लागले.